केदारीभाऊंची पाव्हणी

संध्याकाळी चुली पेटायच्या वेळेला एखादा परका पुरुष तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभा आहे, डोळे मिटलेले, नाक वर, आणि तो शांतपणे वास घेतो आहे, असं दिसलं तर तुम्ही काय कराल? मी पाण्यानं भरलेला तांब्या उचलला होता.

टाकवे बुद्रुकच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू होऊन मला आठवडासुद्धा झाला नव्हता. आमचे हे देहूरोडला डेपोत नोकरीला, ते शनिवारी यायचे. बाकीचे दिवस मी आणि माझा स्टोव्ह. त्या दिवशी रॉकेल संपलं होतं, म्हणून दूधपोह्यांवर भागवलं होतं, आणि त्यामुळे मी मुळातच चिडलेली होते.

त्या माणसानं डोळे उघडले. अंगात खाकी कोट, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला थर्मास.

"बाई, तुमच्याकडं आज फोडणी न्हाई."

"नाही. मग?"

"काल व्हती. परवाबी व्हती, हिंग जरा जास्ती झालतं. आज न्हाई. घरात कुणाच्या अंगावर काय उठलंय का?"

मी तांब्या खाली ठेवला. माझ्या फोडणीकडे इतकं लक्ष आमच्या सासूबाईंनीही कधी दिलं नव्हतं.

हे भिकाजी केदारी. मूळचे वलवणचे, धरणाच्या अंगाला घर, बायको तिकडेच. नोकरीपायी टाकव्यात माझ्या शेजारची खोली घेऊन राहायचे. काम देवी टोचायचं. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा काहीही असो, अवघं मावळ त्यांना देवीडॉक्टर म्हणायचं. देवीचा रोग देशातून कायमचा घालवायचा असं सरकारनं मनावर घेतलं होतं, ते दिवस. नुसतं टोचून भागत नव्हतं. कुठल्या गावात, कुठल्या घरात, कुणाच्या अंगावर पुरळ उठलाय हे शोधून काढायचं होतं. आणि लोक तर ते लपवायचे. देवी आली म्हणजे साक्षात देवीच घरात आली. तिला सुई दाखवायची म्हणजे तिचा अपमान, असं घराघरातल्या म्हाताऱ्यांचं ठाम मत.

पूर्वी असं घर ओळखणं सोपं होतं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलेला असायचा. पण डहाळा दिसला की देवीडॉक्टर येतो, हे लोकांना कळलं आणि डहाळे दिसेनासे झाले. तिथं केदारीभाऊंचं नाक कामाला आलं. देवी असो, गोवर असो, कांजिण्या असोत, ज्या घरात अंगावर काही उठलंय त्या घरात फोडणी देत नाहीत, तळण तळत नाहीत. तेल चरचरलं तर देवी कोपते. डहाळा लपवायला कुणाला भीती वाटली नाही, पण फोडणी द्यायची छाती कुणाची झाली नाही. म्हणून हा माणूस रोज संध्याकाळी एखाद्या गावच्या आळीआळीतून नाक वर करून फिरायचा. एखाद्या दारासमोर थबकायचा आणि म्हणायचा, "हितं पाव्हणी आलीया."

रोगाला ते पाव्हणी म्हणायचे. त्यांच्या तोंडून रोगाचं नाव फारसं ऐकूच यायचं नाही. पाव्हणी कुठनं आली, कुणाच्या सोबतीनं आली, कुणाकडं जायचा बेत हाय, अशी चौकशी चालायची. नव्या माणसाला वाटावं, गावात कुणाचं तरी लग्न जमतंय.

एका बड्या शेतकऱ्याच्या घरी त्यांना फसवायचा घाट घातला गेला. नातू कांजिण्यांनी अंथरुणात, घरात फोडणी बंद. देवीडॉक्टर आळीत शिरल्याची वर्दी आली तशी शेजारणीकडून अंगणात तीन दगडांवर कढई ठेवून लसणाची अशी खमंग फोडणी करवली की, मला आमच्या वर्गात भूक लागली. शाळा त्या अंगणाला लागूनच, आणि मी मुलांच्या वह्या तपासत मागे थांबले होते. केदारीभाऊ आले, उभे राहिले, नाक वर केलं.

"फोडणी झकास हाय," ते घरधन्याला म्हणाले. "पर आबा, ही अंगणातली हाय. चुलीपाशी काय शिजतंय?"

आबा म्हणाले, "भात."

"नुसताच?"

देवीडॉक्टर चपला काढून आत गेले, गोधडी उचलली, पोराचा तळहात उलटा करून बघितला आणि हसत बाहेर आले. "कांजिण्या हायती. भिऊ नगा. तळहात साफ हाय." देवीचे फोड तळहातावर, तळपायावर भरगच्च येतात, कांजिण्या तिथं सहसा जात नाहीत, म्हणून ते आधी हात बघायचे. त्यामुळे अर्ध्या मावळातल्या म्हाताऱ्यांचा असा समज होता की, हा माणूस भविष्य सांगतो. त्यांनी हात पुढे केला की केदारीभाऊ गंभीरपणे बघायचे आणि सांगायचे, "लय आयुष्य हाय." हे ते सर्वांनाच सांगायचे.

नाक कधी चुकायचं नाही असं नाही. एकदा एका घरासमोर तीन संध्याकाळी फोडणी नाही म्हणून ते थर्मास, सुया आणि पंचनामा करायला आल्यासारखा चेहरा घेऊन आत घुसले. आत सासू एका कोपऱ्यात, सून दुसऱ्या कोपऱ्यात, आणि चूल कुणी पेटवायची यावर तीन दिवसांचा अबोला. घरातले पुरुष शेवचुरमुऱ्यांवर जगत होते. केदारीभाऊंनी दोघींचं भांडण मिटवलं, सासूच्या हातची आमटी चाखली, सुनेच्या हातच्या भाकरीला नावाजलं आणि निघता निघता दोघींनाही टोचून घेतलं.

टोचायचा हा हव्यास माणसाला कुठेही नेतो. लग्नाच्या मांडवाच्या दाराशी एका बाजूला गुलाबदाणी घेऊन मुली उभ्या असायच्या, दुसऱ्या बाजूला देवीडॉक्टर. बाहेरगावचं वऱ्हाड म्हणजे त्यांना पर्वणीच. बाही वर केल्याशिवाय पंगतीला जायचं नाही. एका नवरदेवाला मी मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत टोचून घेताना पाहिलंय. आमच्या ह्यांच्या दंडावर डाग नीट उठला नाही म्हणून त्यांनी ह्यांना पुन्हा पुन्हा टोचलं, आणि शेवटी हे शनिवारी टाकव्याच्या स्टँडवर उतरले की आधी केदारीभाऊ कुठे आहेत ते बघायचे, मग बायको कुठे आहे ते.

माणसाच्या तोंडाआधी त्यांची नजर दंडावर जायची. डाग बघून म्हणायचे, "हा माझा हाय." जणू पोर त्यांचंच.

पोरांना टोचायची त्यांची रीत मी वर्गात उभी राहून बघितली आहे. दोन टोकांची ती बारीक सुई दंडावर भराभर टोचायची असते. केदारीभाऊ आकडे मोजत नसत, गावं मोजत. "टाकवं, फळणं, बेलज, घोणशेत, वडेश्वर..." अशी त्यांची एसटी सुटायची आणि वर खांडीला जाऊन थांबायची. मध्येच पोरानं गळा काढला की म्हणायचे, "आता मधीच माऊ गावाला उतरतूस का? रानात? बस गप, खांडी आलीच." पोर रडायचं थांबून खिडकीबाहेर बघितल्यासारखं बघायचं. माझ्या वर्गाचा अंदर मावळाचा भूगोल जो काही पक्का झाला, तो दंडावर झाला. माझ्या नकाशाला त्याचं श्रेय नाही.

आणि तो थर्मास. लोणावळ्याहून लस आणायची ती त्यात. भर चैत्रात हा माणूस पायवाटेनं छत्री उघडून चाललेला असायचा. छत्री थर्मासवर आणि ऊन स्वतःच्या टाळक्यावर. मी एकदा म्हटलं, "भाऊ, जरा स्वतःवरही धरा." ते म्हणाले, "मी नासत न्हाई, बाई."

मला हसू यायचं, नंतर ते कमी होत गेलं. मावळात मी असेपर्यंत कुणाला देवी आलेल्या ऐकल्या नाहीत. खेड्यात कुठे, कुणाच्या दारी, कोण येतं, कोण आलं नाही, एवढं सारं एका माणसाच्या डोक्यात कसं मावतं, याचं मला नवल वाटायचं. आजही वाटतं.

आता एका चैत्रातली गोष्ट सांगते.

वडेश्वराच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे. तिथं केदारीभाऊंचं नाक चालत नसे, कारण तिथं फोडणी एरवी तरी कुठं असायची? तेल सणालाच. पण त्या वाडीतली बुधाआजी दर बाजाराला सरपणाची मोळी घेऊन टाकव्यात यायची. त्या बाजाराला ती आली नाही. केदारीभाऊ दिवसभर बाजारात तिची वाट बघत बसले. संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "आजी आली न्हाई. मोळी चुकवणारी बाई न्हाई ती. वर पाव्हणी हाय."

दुसऱ्या दिवशी ते वर जाऊन आले. आजीनं दार लावून घेतलं होतं. आत तिची नात, पाच-सहा वर्षांची जाई. आईबाप घाटाखाली वीटभट्टीवर गेलेले. दाराच्या फटीतून केदारीभाऊंना एवढंच दिसलं की, पोर तापानं फणफणलीय आणि तोंड लालेलाल झालंय. ते तसेच खाली आले आणि त्यांनी जिल्ह्याच्या साहेबांना निरोप धाडला. देवी असतील तर वाडी वेढायला हवी होती, सगळ्यांना टोचायला हवं होतं, आणि इतक्या वर्षांची मेहनत त्या एका झोपडीत अडकली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना जेवणाचा डबा तसाच परत नेताना पाहिलं.

साहेब जीपनं आले. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. केदारीभाऊ मला म्हणाले, "बाई, तुमीबी चला. पुरुष माणसाला आजी आत घेणार न्हाई." मी निघाले. जीप वडेश्वरापर्यंत, पुढे पायी चढण. साहेब तरुण होते, हुशार होते, मनाचेही चांगले होते, पण घाईत होते. आजीनं दार उघडलं नाही तेव्हा त्यांनी बरोबरच्या शिपायाला दार ढकलायला सांगितलं.

"साहेब, थांबा," केदारीभाऊ म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या. टोपी काढून बगलेत धरली. पिशवीतून एक नारळ काढला. तो त्यांनी टाकव्याहून वर आणला होता आणि आम्हा कुणाला सांगितलं नव्हतं. तो उंबऱ्यावर ठेवून ते अंगणात गुडघ्यांवर बसले.

"आजी, मी सुई आत आणणार न्हाई. थर्मास त्या बाईंच्या हातात दिलाय. मी पाव्हणीला नमस्कार कराया आलोय. तुज्या घरात आली, तर मला पाया पडू दी."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग कडी निघाली.

आत अंधार होता. केदारीभाऊ अंथरुणाजवळ गेले, त्या एवढ्याशा पोरीच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं आणि हात जोडून म्हणाले, "आई, हात दाखीव."

पोरीनं हात पुढे केला. मी त्यांच्या मागे उभी होते. सरकारी नोकर एका तापलेल्या पोरीपुढे हात जोडून बसलेला, आणि त्यात नाटक तिळभर नाही, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की, माझेही हात आपोआप जोडले गेले.

त्यांनी तळहात बघितला, तळपाय बघितला. कानामागे बघितलं. डोळे लाल, नाक वाहत होतं, छातीत खोकला घुमत होता. फोड कुठंच नव्हते.

"साहेब, देवी न्हाईत," ते म्हणाले. "गोवर हाय."

साहेब आत आले, त्यांनीही पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "गोवर! अहो, नुसता गोवर!" त्यांनी केदारीभाऊंच्या पाठीवर थाप मारली. शिपाई हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. साहेबांनी गोळ्या दिल्या, आलोच आहोत तर म्हणून वाडीतल्या बाकी लोकांना देवी टोचायचं काम उरकलं, आणि उतरायची तयारी झाली.

केदारीभाऊ साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, ह्याची लस कधी यील?"

"गोवराची? बाहेरच्या देशांत निघालीय म्हणतात. आपल्याकडे बघू कधी ते." साहेब बुटांचे बंद बांधत होते. "अहो केदारी, गोवर काय, सगळ्यांनाच येतो. मलाही आला होता."

"येतो, साहेब. सगळ्यांनाच येतो," केदारीभाऊ म्हणाले. "तुमी व्हा फुडं. मी ऱ्हातो हितंच."

बाकीचे सगळे जीपकडे उतरले. मी उगाच मागे रेंगाळले. केदारीभाऊ उंबऱ्यापाशी बसले होते आणि आजीला समजावत होते. पोरीला तीन दिवस अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. देवी अंगात असताना पाणी द्यायचं नाही म्हणून. ओठ फुटले होते.

"आजी, तुज्याकडं पाव्हणी आली तर तिला उपाशी ठेवशील?"

"न्हाई ठेवणार."

"ताक देशील, पाणी देशील?"

"व्हय. का न्हाई देणार?"

"मंग हिला का तान्हेली ठेवलीस? दाराला आलेलीला पाणी न्हाई दिलं तर ती रागानं जाईल, आणि एकटी जाणार न्हाई."

आजीनं उठून तांदूळ धुतले. पातळ पेज झाली, आणि तो माणूस चमच्यानं एकेक घोट पोरीच्या तोंडात घालू लागला. उलटी झाली की पुसायचं, थोडं थांबायचं, पुन्हा चमचा. ओल्या फडक्यानं डोळे पुसायचे. दार उघडं करून वारा आत घ्यायचा. घाई म्हणून नाही. साऱ्या मावळात धावत सुटणारा हा माणूस एका जागी इतका वेळ बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "भाऊ, बरी होईल ती. साहेब म्हणाले ना."

"माझी मंगल हिच्याएवढीच व्हती," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, चमचा भरत होते. "वलवणला. मी लोणावळ्यास्नं लस घिऊन आलतो, थर्मास घरातच ठेवला व्हता. आल्या-गेल्यानं म्हणायचं, देवीडॉक्टरच्या पोरीला काय भ्या हाय. दंडावर माझ्याच हातचा डाग व्हता तिच्या. मला वाटलं नुसता गोवर हाय, जातोय आपसूक. आई म्हणाली पाणी दिऊ नगा, मी गप ऱ्हायलो. मी गावोगाव हिंडत व्हतो ना बाई, पोरांस्नी टोचत."

त्यांनी चमचा जाईच्या ओठाला लावला.

"लस घरात व्हती. पर दुसऱ्या पाव्हणीची व्हती."

मी रडले, एवढं सांगते. मग उन्हं कलायच्या आत खाली उतरले, कारण शनिवार होता आणि हे टाकव्याच्या स्टँडवर येऊन उभे असणार होते. मी त्यांना घडलेलं सांगितलं, तेव्हा ते जेवता जेवता थांबले आणि स्वतःच्या दंडाकडे बघत राहिले.

केदारीभाऊ सोमवारी आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. आरोग्य केंद्रातून विचारणा झाली. त्यांची हजेरी कधी चुकलेली कुणाला आठवत नव्हती. वाडीवरून एक बाई करवंदं विकायला आली होती, ती म्हणाली, आणखी दोन घरांत गोवर उठलाय, देवीडॉक्टर ह्या दारातून त्या दारात पेज घेऊन फिरतोय, आणि बाकीचा वेळ जाईच्या उशाशी. पोरीला धाप लागलीय, असंही ती म्हणाली. त्या आठवड्यात मी वर्गात काय शिकवलं, देव जाणे.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यासुटल्या मी वर चढले. शेवटच्या वळणावर मी थांबले. वाडीत रडण्याचा आवाज येतोय का, हे मी आधी कान देऊन ऐकलं.

अंगणात ऊन होतं. सावलीला गोधडीवर जाई बसली होती. हातापायांच्या काड्या, तोंडावरची कातडी सोलवटलेली, डोळे तेवढे मोठे. तिच्यासमोर केदारीभाऊ आडवे पडले होते, कोट घडी करून डोक्याखाली, तोंड उघडं, भर दुपारी गाढ झोपलेले. जाई हातातल्या डहाळ्यानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होती.

मी हाक मारणार, तेवढ्यात आजीनं ओठावर बोट ठेवलं.

"उठवू नगा, मास्तरीणबाई," ती हळूच म्हणाली. "आज सकाळच्याला पोरीनं आपल्या तोंडानं भात मागितला. तवा आडवा झालाय त्यो. लय वर्सांचा जागा असल्यावानी निजलाय."

मी आजीशेजारी बसले. जाईचा हात भरून आला होता; तिनं डहाळा माझ्याकडे दिला. केदारीभाऊ उठेपर्यंत मी माश्या वारत राहिले.